‘अमेरिकन हिस्टरी एक्स’: ते जेवणाचं टेबल आणि माझं झेरॉक्सचं दुकान

शाईदौत (म्हापसा)

शनिवारी रात्री मुलाने लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, हा बघा. पण मध्ये उठायचं नाही." मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा नुसताच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चित्रपट 1998 चा, ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’, दिग्दर्शक टोनी के. इतकी वर्षं माझ्याकडून कसा राहून गेला कोण जाणे. तीन रात्री झाल्या, डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहायला बसलो. शेवटासकट लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून घ्यावा.

थोडक्यात गोष्ट अशी. लॉस एंजेलिसमधला व्हेनिस बीच. डेरेक (एडवर्ड नॉर्टन) डोक्याचा गोटा केलेला, छातीवर नाझींचं चिन्ह गोंदलेला तरुण. वडील अग्निशमन दलात होते. आग विझवायला गेले असताना ड्रग्ज विकणाऱ्यांनी त्यांना गोळी घातली. त्यानंतर हा मुलगा गोऱ्या टोळीचा म्होरक्या होतो. एका रात्री तीन काळे तरुण त्याची गाडी चोरायला येतात. एकाला तो दारातच गोळी घालतो, एक पळतो, आणि जखमी होऊन पडलेल्या तिसऱ्याला तो फुटपाथच्या कडेवर दात टेकवायला लावतो. पुढचं माझ्याने लिहवत नाही. तीन वर्षांनी तो तुरुंगातून सुटतो तेव्हा आतून पार बदललेला असतो, आणि घरी धाकटा भाऊ डॅनी नेमका त्याच्याच पावलावर पाऊल टाकत निघालेला असतो.

सगळे बोलतात ते त्या फुटपाथच्या प्रसंगाबद्दल. माझी झोप उडवली ती वेगळ्याच एका प्रसंगाने. चित्रपट बराच पुढे गेल्यावर तो येतो. वडील अजून जिवंत आहेत, डेरेकच्या डोक्यावर केस आहेत, सगळं कुटुंब टेबलाभोवती बसून खातंय. डेरेक उत्साहाने शाळेतल्या शिक्षकांबद्दल सांगतोय. डॉ. स्वीनी, कृष्णवर्णीय, विद्वान माणूस, पोराला त्यांचं फार कौतुक. वडील ऐकून घेतात. आवाज चढवत नाहीत. हळूहळू सांगायला लागतात, की हे काळ्या लेखकांची पुस्तकं अभ्यासाला लावणं जरा जपून घे, ऐकलेलं सगळं गिळू नकोस. मग आपल्या खात्यातलं उदाहरण देतात: दोन काळ्या माणसांना घेतलं, त्यांच्यापेक्षा जास्त गुण असलेले गोरे बाहेर राहिले. एक घाणेरडा शब्द येतो, तोही मीठ मागावं इतक्या सहज. पोराचा चेहरा बघत राहा. आधी गोंधळ, मग विचार, मग "हं, तसंही असेल." वडील खूश. वडील प्रेमळ आहेत, हेच तर सगळ्यात वाईट आहे.

आता माझ्याबद्दल. 2013 च्या ऑक्टोबरअखेरीस पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. 31 तारखेला त्याच्या देशबांधवांनी शववाहिका अडवली आणि पर्वरीला हायवे रोखून धरला. पुढचे आठवडे कसे होते ते बार्देशातल्या लोकांना सांगायला नको. एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं आणि मग माफी मागितली. माझ्या दुकानातही दिवसभर तीच चर्चा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी दुकानात एक आफ्रिकन मुलगा आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. प्लास्टिकची फाइल पोटाशी धरलेली. पासपोर्टच्या तीन कॉपी हव्या होत्या. मशीन चालू होतं, हिरवा दिवा लागलेला, झाकणावर हात ठेवला असता तर चटका बसला असता इतकं तापलेलं. मी म्हणालो, "मशीन बंद." त्याने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फाइलची बटणं एकेक करून नीट लावली, "ओके, थँक यू" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

कोपऱ्यात स्टुलावर माझा आठ वर्षांचा मुलगा गृहपाठ करत होता. "बाबा, मशीन तर चालू आहे." मी म्हणालो, "तुला कळत नाही. अभ्यास कर."

मी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. पण त्या दुपारी पोराला काय शिकवलं, ते परवा त्या टेबलाच्या प्रसंगात मला दिसलं. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

रानवारा

मी हा चित्रपट कॉलेजात पाहिला होता आणि त्या फुटपाथच्या आवाजानंतर बंद केला होता. दाखवत काहीच नाहीत, फक्त आवाज. आता तुमचं वाचून टेबलाचा प्रसंग शोधून पाहिला. आमच्याकडे असं टेबल नव्हतं, आम्ही पाटावर बसायचो. पण शब्द होता. माझा रंग आईपेक्षा काळा. आजी लाडाने मला "खाप्री गो माजी" म्हणायची. लाडानेच! शब्दाचा अर्थ ‘काळा आफ्रिकन’ असा आहे हे कळायला मला बारावी उजाडली.

पर्रा_रस्ता

शाईदौत भाऊ, तुमचा प्रामाणिकपणा मान्य, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

31 ऑक्टोबरला मी आईला घेऊन कदंब बसमध्ये पर्वरीच्या अलीकडे अडकलो होतो. तिची बांबोळीच्या इस्पितळात अपॉइंटमेंट होती. बसमध्ये उकडून तिला चक्कर येत होती. पुढे काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. मग लोक सांगायला लागले, की मयत रस्त्यावर ठेवलंय आणि मारामारी चाललीय. त्या दिवशी जी भीती वाटली ती मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नव्हती, माझ्या बापानेही शिकवली नव्हती. किनाऱ्यावर ड्रग्जचा धंदा चालतो हे काय खोटं आहे? आमच्या वाड्यावरची दोन पोरं त्यात गेली. लोकांना राग आला तर लगेच वर्णद्वेषाचा शिक्का मारायचा, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या गोऱ्यांनी काळ्यांना गुलाम केलं होतं. आपण कुणाला गुलाम केलं?

जुनेगोवे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते माझ्या अभ्यासाच्या वाटेवरचं आहे.

लिन्स्कोटेन नावाचा डच प्रवासी 1583 पासून पाचेक वर्षं गोव्यात, आर्चबिशपच्या पदरी होता. जुन्या गोव्यातल्या ‘रुआ दिरेता’ या मुख्य रस्त्यावर सकाळी लिलाव चाले, त्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. घोडे, मसाले, कापड, आणि त्यांच्याच बरोबरीने माणसं. त्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिककडून आणलेली माणसं पुष्कळ. व्यापार पोर्तुगीजांचा, पण गुलाम फक्त पोर्तुगीजांच्या घरात होते असं नाही, इथल्या धनिकांच्या घरातही होते. पोर्तुगालच्या वसाहतींत गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1869 साली. ‘खाप्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘काफ्र’वरून आला आणि त्यांचा ‘काफ्र’ अरबी ‘काफिर’वरून. रानवारा ताई, तुमच्या आजीच्या तोंडी तो शब्द त्या लिलावाच्या रस्त्यावरून चालत आला.

गोव्यातून पळालेल्या गुलामांपैकी काहीजण घाट चढून रानात गेले. आजचे उत्तर कन्नडमधले सिद्दी काही अंशी त्यांचेच वंशज. यल्लापूर, हल्याळ भागात त्यांची वस्ती आहे. मी एकदा यल्लापूरला एका सिद्दी घरी चहा प्यायलो. म्हातारीने मला विचारलं, "खंयचो तूं?" आपल्यासारखीच कोंकणी, जराशी वेगळी हेलकावणारी. मला काही सेकंद बोलता येईना. चेहरा बघून मी मनात धरून बसलो होतो की ही ‘तिकडची’. ती माझ्या आजीच्या भाषेत बोलत होती.

पर्रा_रस्ता

हे मला ठाऊक नव्हतं. रुआ दिरेतावरून आम्ही दर वर्षी जुन्या गोव्याच्या फेस्ताला चालत जातो.

पण माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. भीतीचं काय?

काळोखातली_खुर्ची (मडगाव)

मी फिल्म सोसायटीवाला माणूस, त्यामुळे आधी चित्रपटाबद्दल, मग भीतीबद्दल.

भूतकाळ कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत, ही रचना वरवर सोपी वाटते. पण कृष्णधवल भाग किती देखणे केलेत ते पाहा. छायाचित्रण टोनी के यांचंच. खून केल्यावर पोलिस येतात, डेरेक हात वर करतो, मग डोक्यामागे घेतो, गुडघ्यावर बसतो, भुवई उचलून धाकट्या भावाकडे बघून हसतो. सगळं संथ गतीत, वर चर्चमधल्यासारखं समूहगान. डॅनीला तो क्षण असाच आठवतो, देवाच्या मूर्तीसारखा. आपण डॅनीच्या डोळ्यांनी बघतोय. ज्याला हे उमगत नाही तो डेरेकच्या दंडांवर भाळून बाहेर पडतो, आणि असे प्रेक्षक मी पाहिलेत. हा या चित्रपटाचा खरा धोका आहे. डेरेकची भाषणं मुद्देसूद, आकडेवारी फेकणारी, आणि त्याला तोलामोलाचं उत्तर देणारं पात्र त्या क्षणी समोर नाही. आईचा मित्र मरे, ज्यू शिक्षक, सभ्यपणे वाद घालायला जातो. त्याचं काय होतं ते आपण पाहिलं. बहिणीच्या तोंडात डेरेक घास कोंबतो तेव्हा कुठे कळतं की एवढ्या वेळ चालला तो वाद नव्हताच.

दिग्दर्शक आणि स्टुडिओ यांचं बिनसलं होतं हेही सांगतो. अंतिम संकलन आपल्या मनासारखं नाही म्हणून के यांनी स्वतःचं नाव काढायचा खटाटोप केला. त्याऐवजी ‘हम्प्टी डम्प्टी’ लावा म्हणाले, ते दिग्दर्शकांच्या संघटनेने मानलं नाही. नॉर्टनला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार रॉबेर्तो बेनिनी यांना गेला. असो.

आता भीती. पर्रा_रस्ता भाऊ, डेरेकची भीतीही खरी होती. बाप खरोखरच मारला गेला होता. वडील गेल्यावर टीव्हीवाला माइक पुढे करतो तेव्हा तो पोर रडतोय, आणि रडता रडताच निर्वासित, काळे, सगळ्यांना एका दमात दोष देतोय. गोळी घातली एकदोघांनी, त्याने शत्रू धरले लाखो. मग तो पार्किंगमध्ये पोरांपुढे भाषण करतो की बाहेरच्यांनी आपल्या नोकऱ्या खाल्ल्या, आणि सगळे मिळून जातात कुठे? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. मालक कोरियन, कामगार मेक्सिकन. काउंटरवरच्या एका बाईवर दूध ओततात. तिचा त्याच्या बापाच्या मरणाशी काय संबंध होता?

शाईदौत (म्हापसा)

मी याला एकच जोडतो. किनाऱ्यावर ड्रग्जमध्ये कोण कोण पकडले गेलेत ते आपण पेपरात वाचतो. रशियन, इस्रायली, ब्रिटिश, इथले स्थानिकही. माझ्या दुकानात गोरे येतात, लायसन्सच्या कॉपी काढतात, मी "हॅलो, सर" म्हणतो. त्यांच्यातल्या कुणालाच मी आजवर "मशीन बंद" म्हटलेलं नाही. धंद्याची भीती असती तर ती सगळ्यांची वाटली असती.

पर्रा_रस्ता

हो. याला उत्तर नाही माझ्याकडे. मीही रूम भाड्याने देतो. रशियन बाईला दिली होती, दोन सीझन.

सत्तरीची_लेक

इथे थोडं लांबण लावते, माफ करा.

माझे बाबा 1964 साली चंदगडहून सत्तरीत प्राथमिक शिक्षक म्हणून आले. मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, शिक्षक पुरेनात, म्हणून महाराष्ट्रातून माणसं आणली गेली. पावसात ओढ्याला पाणी आलं की बाबा कपडे डोक्याला बांधून पलीकडे जायचे आणि ओल्या अंगाने वर्ग घ्यायचे. त्यांनी शिकवलेली माणसं आज सरकारी खात्यांतून निवृत्त झाली आहेत, त्यातली काही अजून चतुर्थीला घरी येतात. आणि तरीही आम्ही गावात ‘घाटी’. मी वाळपईला जन्मले, कोंकणी माझ्या तोंडात आईच्या दुधाबरोबर आली, शाळेत "ए घाटी" म्हणून हाक मारली की मी वळून बघायचे. इतकी सवय.

गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी या आंदोलनात, 1986 च्या डिसेंबरात, बाबा चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. आईने दाराला आतून पाट लावला होता. बाबा मराठीचे कट्टर. पण त्या दिवसांत जे मेले ते कोंकणीच्या बाजूचे होते, आणि रेडिओवर बातमी ऐकून बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "पोरं रे, पोरं," एवढंच म्हणाले. मला ते ताट आठवतं. भात, आमटी आणि अर्धा मोडलेला पापड.

एवढं सोसलेलं आमचं घर. तर आमच्या घरात कुणाचा तिटकारा नसेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. वास्कोला राहायला गेल्यावर माझी आई कन्नड बोलणाऱ्या कामगारांना काय म्हणायची ठाऊक आहे? ‘घाटी’. तोच शब्द! झुआरीनगर हे नाव ती नाक मुरडल्याशिवाय घेत नसे. आपल्या पाठीवरचा शब्द तिने उतरवला आणि दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला. मी तिला कधी टोकलं नाही. ती गेली आता.

म्हणून मला चित्रपटात डेरेकपेक्षा त्याची आई, डॉरिस, जास्त जवळची वाटली. मुलाला घराबाहेर काढताना ती म्हणते, तू माझ्या पोटी आलास याची मला लाज वाटते. मग ती रडते, सिगारेट ओढते, खोकते. पण नवरा त्या टेबलावर बोलत होता तेव्हा ती तिथेच होती.

रानवारा

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडकले. आमच्या पाटावरही बाकीचे सगळे होतेच.

हणजूणची_पाळी

मी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, रात्रपाळी. माझ्याबरोबर नागालँडचा एक मुलगा आणि मणिपूरची एक मुलगी काम करते. गिऱ्हाइकं त्यांना विचारतात, "इंडिया में कब आए?" आपलीच माणसं विचारतात हो, फॉरेनर नाही. दिल्लीत 2014 साली अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मारहाणीनंतर तो गेला. त्यावर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती नेमली गेली. ही बातमी मला माझ्या सहकाऱ्याने सांगितली, मला माहीतच नव्हती. त्याला तारीखवार पाठ होती. परवा मी त्याला विचारलं, तुला इथे कुणी काय काय म्हटलंय? त्याने मोजायला सुरुवात केली आणि मग म्हणाला, "जाऊ दे, चेक-इन आलंय."

काळा_कोट (पणजी)

कुणीच लमाँटबद्दल बोललं नाही, म्हणून लिहिते. मी वकील आहे, मला पूर्ण चित्रपटात तोच दिसत राहिला.

तुरुंगात डेरेकला लाँड्रीत काम मिळतं, जोडीला लमाँट, काळा, गप्पिष्ट, चादरींच्या घड्या घालता घालता हसवणारा. डेरेक आधी बोलतच नाही. मग एके दिवशी हसतो. पुढे विचारतो, तू आत कशासाठी? लमाँटने टीव्ही चोरला होता. पोलिसाने हात धरला, टीव्ही हातातून सुटला आणि पोलिसाच्या पायावर पडला. हल्ल्याचा गुन्हा लागला. सहा वर्षं.

आता हिशेब लावा. डेरेकने दोन माणसं मारली, त्यातलं एक ज्या पद्धतीने मारलं ते आपण पाहिलं. त्याला तीन वर्षं, कारण तो सदोष मनुष्यवध धरला गेला आणि डॅनीने साक्ष दिली नाही. चित्रपट यावर भाषण देत नाही, दोघे घड्या घालत राहतात. पण डेरेकच्या चेहऱ्यावर काहीतरी मोडतं. टेबलावर बापाने सांगितलं होतं की सगळं काळ्यांना आयतं मिळतं. इथे समोर चादर धरून उभा असलेला माणूस टीव्हीसाठी सहा वर्षं भोगतोय.

त्याच्या आपल्या माणसांनी काय केलं? आतली गोरी टोळी बाहेर ज्यांचा द्वेष शिकवते त्यांच्याशीच आत ड्रग्जचा व्यवहार करते. डेरेक त्यांच्यापासून बाजूला होतो तर त्याच्यावर न्हाणीघरात बलात्कार करतात. मग तो आत एकटा पडतो, कुणाचंच संरक्षण नाही, आणि तरी महिने जातात, कुणी हात लावत नाही. सुटायच्या दिवशी त्याला उमगतं की लमाँटने आपल्या लोकांना सांगून ठेवलं होतं. लमाँट ते कबूलही करत नाही, हसून वेळ मारून नेतो. डेरेक बाहेर पडतो, लमाँट आतच राहतो. त्याची उरलेली वर्षं कशी गेली हे चित्रपट सांगत नाही. मला ते फार लागलं.

आमच्या कामात बघते. परदेशी आरोपीला जामीन मंजूर झाला तरी स्थानिक हमीदार उभा राहत नाही, माणूस आतच. त्यांच्यातल्या कुणी काय केलंय ते कोर्ट ठरवेल, पण हमीदार न मिळणं हा गुन्हा नाही.

गणिताच्या_बाई (फोंडा)

मला एक मदत हवी आहे. मी नववी-दहावीला शिकवते. वर्गात एक मुलगी आहे, वडील गवंडीकाम करतात, विजापूरकडचे. तिच्या बाकावर कुणी बसत नाही. मी जागा बदलते, दुसऱ्या दिवशी परत तसंच. मुलं वाईट नाहीत, खरंच नाहीत. एकाला विचारलं तर म्हणाला, "मम्मीने सांगितलंय." हा धागा वाचून वाटलं, हा चित्रपट दाखवावा का?

काळोखातली_खुर्ची (मडगाव)

बाई, नववीला पूर्ण चित्रपट नको. हिंसा आहे, बलात्कार आहे, अमेरिकेतही सतरा वर्षांखालच्यांना तो मोठ्यांच्या सोबतीशिवाय पाहता येत नाही. टेबलाचा प्रसंग तेवढा चार-पाच मिनिटांचा आहे, पण त्यातही शिवी आहे आणि मागचंपुढचं माहीत नसेल तर बापच बरोबर बोलतोय असं मुलांना वाटायचं.

पालकांना दाखवा. खरंच सांगतो. पालकसभेला.

सत्तरीची_लेक

पालक येणार नाहीत, आले तरी पाहणार नाहीत. बाई, मी एक सुचवू? डॉ. स्वीनी तुरुंगात डेरेकला भेटायला येतात तो प्रसंग आठवा. डेरेक दवाखान्यातल्या खाटेवर, टाके पडलेले. स्वीनी उपदेश करत नाहीत. आधी स्वतःचं सांगतात, की मीही एके काळी सगळ्यांना दोष देत होतो, गोऱ्यांना, समाजाला, देवाला. मग एकच प्रश्न विचारतात: तू जे काही केलंस त्याने तुझं आयुष्य काही सुधारलं का? डेरेक मान हलवतो आणि रडतो. त्या माणसाच्या हातात फळा नाही, खडू नाही, तरी इतका मोठा मास्तर मी पडद्यावर पाहिला नाही. माझे बाबा आठवले.

तुमच्या वर्गात चित्रपटापेक्षा तुम्हीच जास्त काही कराल. त्या मुलीच्या बाकावर एक तास तुम्ही बसा. वह्या तिथे बसून तपासा.

गणिताच्या_बाई (फोंडा)

हे सोमवारी करते.

पर्रा_रस्ता

शेवटाबद्दल कुणी बोलेल का? मला तो पटला नाही. काल रात्री पाहिला पूर्ण. दोघे भाऊ भिंतीवरचे नाझी पोस्टर काढतात, डॅनी रात्रभर बसून निबंध लिहितो, सकाळी डेरेक त्याला शाळेत सोडतो, आणि शाळेच्या मुतारीत एक काळा मुलगा त्याला गोळ्या घालतो. शेवटी लिंकनचं वाक्य, आपण शत्रू नाही, मित्र आहोत. मी सुन्न झालो. पण माझा मेहुणा बाजूला बसलेला, तो म्हणाला, "बघ, शेवटी त्यांनीच मारलं ना?" म्हणजे दोन तासांचं सगळं पाण्यात गेलं की काय?

काळोखातली_खुर्ची (मडगाव)

ही टीका या चित्रपटावर होते आणि ती अगदीच पोकळ नाही. त्या मुलाला चित्रपट फारसं ओळखू देत नाही. आदल्या दिवशी डॅनीने त्याच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडला होता, बस तेवढीच ओळख. डेरेकला भूतकाळ आहे, बाप आहे, टेबल आहे. त्या मुलाचंही एखादं टेबल असेल, तिथे कोण काय बोललं असेल, ते आपल्याला दाखवलं नाही. मला ती उणीव वाटते. तुमच्या मेहुण्याला हेच विचारा, की त्या मुलाचं नाव आठवतं का.

पर्रा_रस्ता

मलाच आठवत नाही.

शाईदौत (म्हापसा)

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. पर्रा_रस्ता भाऊ, तुम्ही टिकून राहिलात म्हणून धागा इतका पुढे आला. देव बरें करूं.

काल रात्री जेवताना मुलाला विचारलं, "2013 साली दुकानात एक आफ्रिकन मुलगा आला होता, मी मशीन बंद म्हटलं होतं, तुला आठवतं?" मनाची तयारी करून विचारलं होतं. वाटलं होतं, तो म्हणेल आठवतं, म्हणूनच तर चित्रपट दाखवला. मी माफी मागायचीही ठरवली होती.

तो आठवू लागला. हुमणातला काटा बाजूला काढून ठेवला. म्हणाला, "नाही बाबा. तसं काही आठवत नाही."

मी म्हणालो, "तू स्टुलावर बसला होतास. तूच म्हणालास मशीन चालू आहे."

"नाही आठवत." मग थोडा वेळ जेवला आणि म्हणाला, "पण ते लोक आपल्या दुकानात येत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं. मला वाटायचं, त्यांना झेरॉक्स लागत नसतील."